तक्रारपेटी रिकामी का राहते?

प्रश्न : अंधेरीच्या एमआयडीसीत आमची दोनशे माणसांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. बँकांचं कर्ज ५० कोटींच्या वर गेल्यामुळे कायद्याप्रमाणे व्हिजिल मेकॅनिझम, म्हणजे गैरप्रकार कळवण्याची कंपनीतलीच सोय, करावी लागली. पेटी लावली, ईमेल आयडी दिला. वर्षभरात एकही तक्रार नाही. बक्षीस जाहीर करावं का?
— एचआर व्यवस्थापक, अंधेरी (पूर्व)

उत्तर : पेटी पंचिंग मशीनशेजारी, कॅमेऱ्याखाली आहे का, ते आधी बघा. बहुतेक ठिकाणी तिथेच असते.

बक्षिसाच्या फंदात पडू नका. शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबी इनसायडर ट्रेडिंगच्या, म्हणजे कंपनीतली आतली बातमी वापरून केलेल्या शेअर व्यवहारांच्या, माहितीसाठी बक्षीस देते. वसुलीच्या १० टक्के, कमाल १० कोटी. तिथे रक्कमच एवढी असते की माणूस नोकरीवर पाणी सोडायला तयार होईल. तुमच्या पाच-दहा हजारांनी होईल इतकंच, की चाड असलेल्या माणसावर पैशासाठी चुगली केल्याचा शिक्का बसेल. आपल्याकडे ‘घरभेदी’ ही शिवी आहे. सोबत्यांशी इमान राखायचं की खरं बोलायचं, या ओढाताणीत बोलण्याचं पारडं जड होतं ते दोन गोष्टींनी: सांगून काही होईल हा भरवसा, आणि आपली वाट लागणार नाही ही खात्री.

स्टोअरमधल्या माणसाचं उदाहरण घ्या. भंगाराची गाडी काट्यावर १,२०० किलो भरली, गेटपासवर ९०० लिहिलं. तो पेटीकडे जात नाही, सुपरवायझरला सांगतो. सुपरवायझर म्हणतो, ‘तू तुझं काम बघ.’ तुमची तक्रार तिथेच मेली. म्हणून तोंडी सांगितलेलंही दोन दिवसांत लेखी वर गेलंच पाहिजे, असा नियम सुपरवायझरना घाला.

चौकशीत सगळ्यात मोठी चूक म्हणजे थेट त्याच गाडीचे कागद मागवणं. त्या पाळीत काट्यावर दोघंच होते. कोण बोललं ते संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. त्याऐवजी सहा महिन्यांच्या सगळ्या भंगारवाल्यांच्या काटा-पावत्या आणि गेटपास ताळून बघा.

पोच ७ दिवसांत, काय केलं ते ३ महिन्यांत कळवा. युरोपीय संघाच्या २०१९च्या निर्देशातली ही मुदत आपल्याकडेही झेपते. तक्रारदाराची पाळी, इन्क्रिमेंट, बदली यांवर वर्षभर नजर ठेवा. सूड असाच गुपचूप उगवला जातो. ऑडिट कमिटी नसेल तर संचालक मंडळाने या कामासाठी एक संचालक नेमायचा असतो. त्यांचा मोबाइल नंबर कँटीनमध्ये लावा.

प्रश्न : मी राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. वरिष्ठ अधिकारी कर्जवाटपात पैसे खातात. नाव गुप्त ठेवून तक्रार करता येते का?
— एक वाचक, दादर

उत्तर : गुप्त ठेवून येते, निनावी नाही. महामार्ग प्राधिकरणातले अभियंते सत्येंद्र दुबे यांनी नाव गुप्त ठेवण्याची विनंती करून पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं होतं. नाव फुटलं, आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. त्यानंतर २००४ मध्ये केंद्र सरकारने ठराव काढला आणि अशा तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवल्या. अशा तक्रारदारांच्या संरक्षणाचा २०१४चा कायदा संमत झाला, पण अजून लागू नाही, त्यामुळे आधार या ठरावाचाच.

बंद पाकीट आयोगाच्या सचिवांच्या नावे, सतर्कता भवन, नवी दिल्ली इथे पाठवा. वर ठळक ‘पीआयडीपीआय’ (या ठरावाच्या इंग्रजी नावाचं लघुरूप) लिहा. पाकिटावर स्वतःचं नाव-पत्ता घालू नका. पोस्टाने त्याचा आग्रह धरायचा नाही, अशा सूचना आहेत. नाव-पत्ता आत, पत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी. मजकुरात ‘मी अमुक डेस्कवर असताना’ असलं काही नको. पोच येत नाही, वाट बघू नका. ईमेलने पाठवू नका, आणि कोणालाही प्रत देऊ नका: हीच तक्रार आधी स्वतःच्या नावाने दुसरीकडे केली असेल तर आयोग नाव झाकू शकत नाही.

राज्य सरकार किंवा महापालिकेतल्या लाचेसाठी मात्र लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा हेल्पलाइन नंबर १०६४.