भूतानचा राजा मुंबई एअरपोर्टवर काय बोलला होता?

प्रश्न: मे महिन्यात आम्ही भूतानची टूर केली. गाइड सारखा सांगत होता की आमच्या राजाला जीडीपी नको, सुख हवंय. आणि शेवटच्या दिवशी तोच म्हणतो, भाऊ ऑस्ट्रेलियाला गेलाय, मी पण फॉर्म भरलाय! मग हे सुख नुसती जाहिरात आहे का हो? (एक वाचक, पुणे)

उत्तर: आता झालीय जाहिरात, पण सुरुवात तशी नव्हती. ते वाक्य गाजलं ते आपल्या मुंबईतून. 1979 मध्ये चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक क्युबातल्या हवानाच्या अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेहून परतत होते, वय अवघं 23, एअरपोर्टवर पत्रकारांनी गाठलं आणि ते म्हणाले की आम्हाला उत्पादनापेक्षा सुख महत्त्वाचं. आता मजा बघा, त्याच परिषदेत कंबोडियाच्या मुद्द्यावर भूतान भारतापेक्षा वेगळं वागला होता, आणि 1949 च्या करारात तर लिहिलेलं की परराष्ट्र धोरणात भारताचा सल्ला घ्यायचा. खरी बातमी ती होती, लक्षात राहिलं सुख. ते सल्ल्याचं कलम गेलं 2007 ला, भांडणतंटा न करता.

आणि सुख म्हणजे हात जोडून बसणं नाही हां. चुखाचा 336 मेगावॉटचा प्रकल्प भारताच्या पैशाने झाला, 60 टक्के अनुदान 40 टक्के कर्ज, आणि उरलेली वीज विकली पुन्हा भारतालाच. 60 टक्के जमीन जंगलाखाली राहिलीच पाहिजे हे राज्यघटनेतच आहे, कारण जंगल तर नदी आणि नदी तर वीज, साधा हिशोब.

धर्माचं म्हणाल तर पुनाखाचा किल्ला, म्हणजे झोंग, बघितलाच असेल, एकाच भिंतीच्या आत एकीकडे फाइली आणि दुसरीकडे लामांची प्रार्थना. तरी भिक्खूंना मतदान नाही, धर्म राजकारणाच्या वर ठेवायचा म्हणून. हे मला पटतं.

न पटणारं वेगळंच. ह्याच चौथ्या राजांच्या काळात दक्षिणेतल्या नेपाळीभाषक, बहुतांशी हिंदू ल्होत्शाम्पांवर गो-किरा, म्हणजे भूतानचा राष्ट्रीय पोशाख, घालायची सक्ती झाली, आणि 1990 नंतर लाखभर माणसं नेपाळच्या छावण्यांत गेली. गाइड हे सांगत नाही, आपणही विचारत नाही, फोटो काढत बसतो.

राहिला तुमच्या गाइडचा फॉर्म. पोरं बाहेर चाललीत हे आत्ताच्या राजांनाही दिसतंय, म्हणून तर 2023 ला त्यांनी आसाम सीमेवर गेलेफूला नवं शहर उभारायची घोषणा केली. गेलेफू येतं सारपांग जिल्ह्यात, ज्या दक्षिणेतून ती माणसं निघाली तिथेच.