गोळ्या बंद करून डोळे मिटू नका

दर महिन्याच्या प्रश्नांत निम्मे आता ध्यानाचे असतात. नाशकात त्याचं नवल नाही. विपश्यना ध्यानाचं केंद्र असलेली इगतपुरी तासाभराच्या अंतरावर, पांडवलेण्यांचा त्रिरश्मी डोंगर गावाला लागून, आणि मोबाइलवर रोज सकाळी बुद्धांच्या नावाने एक सुविचार. त्यातले बरेचसे बुद्धांच्या तोंडी कुणीतरी नंतर घातलेले असतात. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. स्वतः आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याचं ध्यान, करतो, पण भिक्खू नाही. तेवढ्या मर्यादेत ही उत्तरं.

लाफिंग बुद्धा घरात ठेवला की ताण कमी होतो का? (कॉलेज रोड)

दुकानदाराचा होतो. ती मूर्ती बुडाई नावाच्या चिनी भिक्खूची आहे, गौतम बुद्धांची नाही.

अंबडला रात्रपाळी करतो. सकाळी घरी येऊन ध्यानाला बसलं की दहा मिनिटांत डुलकी लागते. काय चुकतं? (सिडको)

काही नाही. झोपा. भरपूर झोपूनही दिवसभर पेंग येत असेल, घोरणं जोरात असेल, तर फिजिशियनला दाखवा.

द्राक्षबाग आहे. छाटणीनंतर आभाळ भरून आलं की छातीत धडधडतं. श्वासावर लक्ष ठेवायला बसलो तर डोळ्यांपुढे वेलीवरचा डाऊनी रोगच दिसतो. मन स्थिर कसं करू? (निफाड)

आधी उठा आणि बागेत जाऊन या. थट्टा करत नाही. पाऊस उघडल्यावर काय फवारायचं हा शेतीचा प्रश्न आहे, तो श्वास बघून सुटत नाही. संयुत्त निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात दोन बाणांचं एक सुत्त, म्हणजे उपदेश, आहे. पहिला बाण सगळ्यांनाच लागतो. दुसरा आपण स्वतःला मारून घेतो. अवकाळी पाऊस हा पहिला. रात्री दोन वाजता उठून सोसायटीचं कर्ज, मुलीची फी, व्यापाऱ्याने पाडलेला भाव असा हिशेब पुन्हा पुन्हा मांडणं, हा दुसरा. हिशेब दिवसा वहीत करा, घरातल्या कुणाला सोबत घेऊन. रात्री तो मनात आला की ‘हिशेब आला’ एवढं ओळखायचं आणि श्वासाकडे यायचं. शंभरदा येईल, शंभरदा परतायचं. श्वास लांबवायचाही नाही, रोखायचाही नाही; तो प्राणायाम झाला.

मात्र दोन आठवडे झोप नसेल, जेवण जात नसेल, किंवा ‘सुटलो तर बरं’ असा विचार एकदा जरी आला असेल, तर ध्यान बाजूला ठेवा. घरच्यांना सांगा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. हंगाम संपू द्या, मग बघू, असं करू नका.

आईला चार वर्षांपासून डिप्रेशनच्या गोळ्या आहेत. आता छान आहे. तिला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जायचंय. फॉर्मवर गोळ्या लिहिल्या तर प्रवेश मिळणार नाही, म्हणून परवापासून बंद केल्यात. चालेल ना? (इंदिरानगर)

नाही चालणार. हा अंक खाली ठेवा आणि तिच्या डॉक्टरांना फोन करा. ‘बंद केल्यात, काय करू’ एवढंच विचारा.

या गोळ्या एकदम थांबवल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखं होतं. ते आठवडाभरात ओसरलं की लोकांना वाटतं, सुटलो. मूळ आजार उलटायला काही महिनेही लागतात, आणि तोवर गोळ्या कधी बंद केल्या तेही कुणाच्या लक्षात राहत नाही. गोळी कमी करता येते, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली, टप्प्याटप्प्याने.

आता फॉर्म. सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून विपश्यना घेऊन भारतात आले. त्या परंपरेतल्या शिबिरात पहाटे चारला घंटा होते, मौन असतं, पहिले तीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवशी विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना बघणं. धडधाकट माणसालाही ते जड जातं. मानसिक आजार आणि औषधं यांची चौकशी तुम्हाला अडवायला केलेली नसते. पूर्वी कधी उन्माद किंवा भास झाले असतील, तर कमी झोप आणि तासन्‌तास बसणं आजार परत उठवू शकतं. माझ्याकडे एकाला त्याचा भाऊ असंच एक शिबिर अर्धवट सोडवून घेऊन आला होता. पायात चप्पल नाही, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, बोलणं थांबत नव्हतं. पिशवीत लिथियम या उन्मादावरच्या औषधाची अख्खी पट्टी, एकाही गोळीचं फॉइल फाटलेलं नाही. फॉर्मवर ‘औषध नाही’ असं त्याच्याच अक्षरात. शिबिरवाल्यांना काय बोलणार?

‘बुद्ध गोळ्या घेत होते का’ असंही मला ऐकवतात. विनयपिटकात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात, औषधांवर अख्खं प्रकरण आहे, भेसज्जक्खन्धक. आजारी भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध, काकवी घ्यायची मुभा त्यात आहे. जुलाबाने घाणीत पडलेल्या भिक्खूला बुद्धांनी आनंद या शिष्याच्या मदतीने स्वतः धुतलं, त्याला ‘श्वास बघ’ म्हणून सोडून दिलं नाही.

आईला रोज दहा मिनिटं घरी बसू द्या, गोळी चालू ठेवून. डिप्रेशन उलटू नये म्हणून आखलेला माइंडफुलनेसचा आठ आठवड्यांचा कार्यक्रमही असतो, त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. शिबिराचं नंतर, फॉर्मवर खरं लिहून. आणि ते मोफत असतं, जेवण-राहणं धरून. खर्च जुन्या साधकांच्या दानातून चालतो. ‘विपश्यना पॅकेज’ म्हणून कुणी पैसे मागत असेल तर फोन ठेवून द्या.

नवरा पिऊन हात उचलतो. आमच्या ग्रुपवरच्या ताई म्हणतात, मैत्रीभावना कर (सगळ्यांचं भलं चिंतायचं ध्यान), उपेक्खा ठेव. महिना झाला, फरक नाही. (सातपूर)

पडणारही नाही. पालीतली उपेक्खा म्हणजे चित्ताचा समतोल. मार खात गप्प बसणं हा तिचा अर्थ नाही. मराठीत तो शब्द ‘उपेक्षा’ झाला, आणि इथे ती तुमचीच चालली आहे. मैत्री सगळ्या प्राण्यांसाठी असते, त्यात तुम्हीही आलात. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. अंगावर येत असेल त्या क्षणी ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली त्याच घरात राहण्याचा हक्क मागता येतो. वकील नेमायला पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. त्याच्या दारूवर उपचार आहेत, पण त्याची वाट बघत थांबू नका.

पांडवलेण्यांत बसल्याने ध्यान लवकर लागतं, हे खरं का? (पाथर्डी फाटा)

सकाळी गर्दी नसते, एवढं खरं. बाकी पांडवांचा तिथे संबंध नाही, ते भिक्खूंचे विहार. क्षत्रप राजा नहपानाच्या लेण्यातला लेख जरूर बघा. त्याचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेण्यांकडे, म्हणजे संघांकडे, कायमची ठेव म्हणून ठेवले. त्यातल्या २,००० वर महिना शेकडा एक व्याज, त्यातून भिक्खूंची चीवरं. सगळं सोडून बसलेल्यांच्याही कपड्यांची सोय कुणीतरी लावून ठेवली होती.

गोळ्या चालू असताना ध्यान केलं तर चालतं का? (ओझर)

बहुतेकांना चालतं. तुमच्या डॉक्टरांना विचारून.