सांता मोनिकाला सेस्नाने: धावपट्टी पुरते, दुपारपर्यंत थांबायची तयारी हवी

तुमचे प्रश्न तीन. लायसन्स नवं, एकूण ११० तास. सॅन होजेच्या रीड-हिलव्ह्यू विमानतळाहून क्लबची सेस्ना १७२ (चार जणांचं, एका इंजिनाचं छोटं विमान) घेऊन लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिकाला वैमानिकांच्या मेळाव्याला जावं का? तिथली आखूड केलेली धावपट्टी पुरेल का? आणि लॉस एंजेलिसच्या आकाशात निभाव लागेल का? सोबत बायको आणि पुण्याहून आलेले सासरे. सासरे हवाई दलात डाकोटावर फिटर होते, हे तुम्ही अगदी शेवटच्या ओळीत लिहिलंत. मी असतो तर तिथूनच सुरुवात केली असती.

कारण डाकोटा म्हणजे डीसी-३, आणि ते विमान पहिल्यांदा उडालं ते सांता मोनिकाच्या विमानतळावरूनच, १७ डिसेंबर १९३५ ला. तेव्हा याला क्लोव्हर फील्ड म्हणत आणि डग्लस कंपनीचा कारखाना शेजारीच होता. २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला फौज उतरवली ती याच जातीच्या विमानांनी. विमानतळाच्या दक्षिण बाजूला एक डीसी-३ मांडून ठेवलंय. मेळाव्यातल्या गप्पा दहा मिनिटं कमी झाल्या तरी चालतील, सासऱ्यांना त्याच्या पोटाखाली उभं करा. कुठला रिव्हेट कुठे असतो ते तेच तुम्हाला सांगतील.

आता धावपट्टी. पूर्वी ती ४,९७३ फूट होती. जानेवारी २०१७ मध्ये शहर आणि एफएए (अमेरिकेचं हवाई वाहतूक खातं) यांच्यात कोर्टात तडजोड झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात ती ३,५०० फुटांवर आणली. हेतू उघड होता, मोठी जेट विमानं येऊ नयेत. आपल्या १७२ ला समुद्रसपाटीला, पन्नास फुटी अडथळा धरूनही, उतरायला साधारण १,३५० फूट लागतात, उडायला १,६५० च्या आसपास. म्हणजे रीड-हिलव्ह्यूवर जेवढ्यात रोज उतरता त्यापेक्षा जास्तच जागा आहे. एक मात्र ध्यानात ठेवा: २१ नंबरची बाजू, म्हणजे नैऋत्येकडे तोंड करून उतरायची दिशा, समुद्राकडे उतरती आहे. वेग पाच-सात नॉट जास्त ठेवलात तर विमान तरंगत जातं, टेकतच नाही, आणि खाली घरांची गर्दी पाहून माणूस घाबरून जास्तच वेग ठेवतो. अर्ध्या पट्टीपर्यंत चाकं टेकली नाहीत तर सरळ गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर. पाहणारे काय म्हणतील हा विचार तिथे मनात आणू नका. पाहणारे सगळे वैमानिक असतात, प्रत्येकाने कधी ना कधी ते केलेलं असतं.

रस्ता सरळ रेषेत सुमारे २६० नॉटिकल मैल, म्हणजे अडीच तास. सरळ रेषेत जाऊ नका. हायवे १०१ धरून सॅलिनास खोऱ्यातून पासो रोबल्सला उतरा. डाव्या-उजव्या अंगाला डोंगर असतात, खाली उतरायला शेतं असतात, आणि पश्चिमेला हंटर लिगेटचा लष्करी टापू आहे तो आपोआप टळतो. शिवाय सत्तरीतल्या माणसाला अडीच तास बसवून ठेवणं बरं नव्हे. मी माझ्या काकांना एकदा नेलं होतं, पुढचं लिहीत नाही. पुढे सांता मारिया, मग किनारा. व्हॅन्डेनबर्गला रॉकेट सोडायचं असेल तर तिथली हवाई हद्द बंद असते, त्यामुळे निघायच्या सकाळी नोटाम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) वाचाच. गॅव्हियोटाच्या खिंडीत वारं असलं की विमान बैलगाडीसारखं हादरतं. पोटात काही जड नको.

खरा अडथळा धावपट्टी नाही, सकाळचा समुद्री ढग आहे. मे-जून-जुलैमध्ये किनाऱ्यावर हजार-पंधराशे फुटांवर राखाडी झाकण बसतं आणि दुपारपर्यंत उठत नाही. तुमच्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे ढगातून नुसत्या उपकरणांवर उडायचा परवाना, नाही. माझ्याकडेही तेव्हा नव्हतं. पहिल्या खेपेला मी वाटेतल्या कॅमारिओ विमानतळावर तीन तास बसून राहिलो. अकरा वाजता सांता मोनिकाचं हवामान ‘आता उठेल’ असं दिसत होतं, बारालाही तसंच. एकला ढग उठला, दोनला पोचलो तेव्हा लोक खुर्च्या आवरत होते. तरी त्या दिवसाबद्दल मला वाईट वाटत नाही. ढगाच्या फटीतून खाली शिरलो असतो तर वाईट वाटायला कदाचित उरलोही नसतो. कॅमारिओला सहा हजार फुटांची पट्टी आहे, बसायला जागा आहे. तिथून टॅक्सीने गेलात तरी डीसी-३ बघून होतं.

लॉस एंजेलिसच्या आकाशाची भीती अर्धी खोटी आहे. वायव्येकडून येताना सोकॅल अप्रोचशी (त्या भागातलं विमान नियंत्रण केंद्र) आधीच बोलत राहा. क्लास ब्राव्होत, म्हणजे मोठ्या विमानतळाभोवतीच्या राखीव आकाशात, शिरायला ‘क्लिअर्ड’ हा शब्द कानावर पडलाच पाहिजे. टॉवरच्या हद्दीत शिरायला त्याने तुमचं कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव) उच्चारलं की पुरे. उरलेली अर्धी भीती खरी आहे, कारण रेडिओवर बोलण्यात तिथे दम घ्यायला फट मिळत नाही. जायच्या आधी दोन संध्याकाळी घरी बसून नुसतं ऐका.

आणि परतताना वेळ असेल तर एक गंमत करा. एलएएक्सच्या, म्हणजे लॉस एंजेलिसच्या मोठ्या विमानतळाच्या, धावपट्ट्यांच्या बरोबर डोक्यावरून छोट्या विमानांना वाट दिलेली आहे, आणि तिथे कोणाची परवानगी मागावी लागत नाही! सांता मोनिका व्हीओआरची (दिशा दाखवणारं रेडिओ केंद्र) १३२ रेडियल, म्हणजे १३२ अंशांची रेषा, धरायची, आग्नेयेला जाताना ३,५०० फूट, परत येताना ४,५००. ट्रान्सपाँडरवर (रडारला आपली ओळख देणारं यंत्र) १२०१, वेग १४० नॉटच्या आत, दिवे चालू, चालू चार्ट विमानात, आणि रेडिओच्या १२८.५५ फ्रिक्वेन्सीवर आपण कुठे आहोत ते आपणच सांगत राहायचं. खाली एअरबस सरपटताना दिसतात. जायच्या आधी नियम ताज्या चार्टवर पुन्हा तपासा.

आता मेळाव्याबद्दल माझं मत, पटलं तर घ्या. तिथे मोर्चा घेऊन गेल्यासारखं जाऊ नका. हा विमानतळ ३१ डिसेंबर २०२८ नंतर बंद करायची मुभा शहराला मिळालेली आहे, आणि शेजाऱ्यांची तक्रार उगाच नाही. आजूबाजूची बरीच घरं डग्लसच्या कामगारांसाठीच उभी राहिली. युद्धात कारखाना लपवायला वर जाळी ताणून खोटी घरं, खोटी झाडं उभारली होती. तेव्हा वस्ती खोटी होती, आता खरी आहे आणि तिच्या अंगणात मुलं खेळतात. पुढे डग्लसला जेटसाठी लांब पट्टी हवी होती, शहराने नाही म्हटलं, कंपनी लाँग बीचला गेली. म्हणजे हे भांडण आपल्या जन्माआधीचं आहे. तुम्ही उडाल्यावर गोल्फ कोर्सवरून सरळ समुद्रापर्यंत जाऊन मग वळलात, तर तेवढंच खूप झालं. मी एकदा लवकर वळलो होतो, टॉवरने सौम्य शब्दांत सुनावलं. आवाजाची मर्यादा ९५ डेसिबल आहे, मोजायला माइक लावलेत. १७२ सहसा त्यात बसते. रात्री ११ नंतर उड्डाण नाही, आणि शनिवार-रविवारी टच-अँड-गो (चाकं टेकवून लगेच पुन्हा उडणं) नाही, म्हणजे ‘जरा एक चक्कर मारून दाखवतो’ हे तिथे चालत नाही.

पेट्रोल तिथे काय मिळेल ते आधी फोन करून विचारा, नाहीतर पासो रोबल्सलाच भरा. तुमच्या रीड-हिलव्ह्यूवर १ जानेवारी २०२२ पासून शिशाचं पेट्रोल बंद आहे, त्यामुळे हा हिशोब तुम्हाला नवा नाही. तुमच्या काउंटीने (जिल्हा प्रशासनाने) २०११ पासून केंद्राचं अनुदान घेणं थांबवलंय, जुन्या अनुदानापोटी विमानतळ चालू ठेवायच्या अटी २०३१ ला संपतात. विमानतळ असेच जातात, आधी अनुदान, मग पेट्रोल, मग पट्टीचे फूट. शिकागोच्या मेग्ज फील्डसारखं महापौराने मार्च २००३ मध्ये रातोरात बुलडोझर पाठवून पट्टी खणून काढणं हा अपवाद. काउंटीच्या विमानतळ सभेला कधी गेला आहात का? मेळाव्याइतकी मजा नसते, चहाही पाणचट असतो, पण तिथे आपल्यातला कुणीच नसतो हे मी दोनदा पाहिलंय.

शेवटचं, वजन. तीन मोठी माणसं आणि भरलेल्या टाक्या एवढंच १७२ पेलते, वर आणखी बॅगा नकोत. सासरे भाड्याचे सगळे पैसे द्यायला निघतील, घेऊ नका. प्रायव्हेट लायसन्सवर तुमचा वाटा तुम्हीच भरायचा असतो. आणि त्यांना पुढच्या उजव्या सीटवर बसवा, बायकोला आधी विचारून.