सासरे माळकरी आहेत म्हणून द्राक्षांच्या गावात घरात बसायचं?

या वेळी पत्रं बरीच आलीयत, पण एका पत्रापाशी मी थांबले ती थांबलेच, त्यामुळे बाकीच्यांनी रागावू नका, तुमची उत्तरं पुढच्या वेळी. हे पत्र जर्मनीतल्या श्टुटगार्टजवळच्या रेम्सटालमधून, म्हणजे द्राक्षबागांच्या खोऱ्यातून आलंय. लिहिणारी म्हणते,

"ताई, आम्हाला इथे चार वर्षं झाली. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सासू-सासरे येतायत, 90 दिवसांसाठी. सासरे माळकरी आहेत, फलटणकडे त्यांचा ऊस असतो. आणि आमच्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे जिकडे बघावं तिकडे वाइन. ऑफिसातले बोलवतात, शेजारी बोलवतात, आम्ही आत्तापर्यंत काही ना काही कारण सांगून टाळलं. आमचा शनिवार इंडियन स्टोअरमध्ये जातो आणि रविवार आठवड्याच्या पोळ्या-भाज्यांत. लेक आठ वर्षांची आहे, परवा म्हणाली आपण कधीच कुठे का जात नाही. आता तर वडीलधारी माणसं येणार, त्यांना घेऊन कुठे जायचं? आपल्या भाज्याही इथे मिळत नाहीत, त्यांना जेवायला काय घालायचं याचंच टेन्शन आलंय."

याशिवाय लेक आजी-आजोबांशी जर्मनमध्ये बोलते, थंडीत उदास वाटतं, आणि नवरा भांड्यांना हात लावत नाही असे तीन प्रश्न आहेत. त्यांच्याकडे शेवटी येते.

अगं, तुझं टेन्शन मला कळतं. 1998 ला मी आले तेव्हा पहिली सात-आठ वर्षं मीसुद्धा हेच केलं. शनिवारी सकाळी गाडी काढायची, पाऊण तास जायचं, फ्रोजन गवार, फ्रोजन शेवगा, पिवळी पडलेली कढीपत्त्याची काडी आणि कातडं सुरकुतलेली तोंडली घेऊन यायचं आणि वर चौपट पैसे द्यायचे. आणि हे सगळं करताना घरापासून चालत दहा मिनिटांवर गावचा बाजार भरलेला असायचा, बुधवारी आणि शनिवारी, तिथे मी कधी गेले नाही कारण तिथे "आपलं" काही मिळत नाही असं मी ठरवूनच टाकलं होतं.

मग एकदा मुलाच्या किंडरगार्टनमधून चिठ्ठी आली. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी इथे एर्न्टेडांक असतो, पीक घरात आल्याबद्दल देवाचे आभार मानायचा दिवस, चर्चमध्ये भोपळे, सफरचंदं, गव्हाच्या पेंढ्या मांडतात. मुलांनी घरून आत्ता पिकलेलं काहीतरी आणायचं होतं. मी चिठ्ठी नीट वाचलीच नाही आणि घरात होती ती केळी दिली. पाच वर्षांचा पोरगा घरी आला तो गप्प गप्प, रात्री झोपताना म्हणाला, आई आत्ता काय पिकतं गं? आणि मला सांगता आलं नाही. मी निफाड तालुक्यातली, द्राक्षबागायतदाराची मुलगी, माझ्या आईकडे भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि ओला हरभरा, वाल, गाजर, वांगं घातलेली लेकुरवाळी भाजी पौषातच व्हायची, एरवी कुणी मागितली तरी नाही. कैरीची डाळ चैत्रात, हुरडा थंडीत, रानभाज्या पावसात. आणि माझ्या मुलाला दाराबाहेर काय पिकतं ते माहीत नाही, ते वाईट मला अजून वाटतं.

म्हणून तुला जरा रागावते. "आपल्या भाज्या मिळत नाहीत" हे वाक्य आजपासून बंद. आपली भाजी म्हणजे त्या त्या महिन्यात जवळच्या मातीतून आलेली, एवढंच आपल्या आज्या मानत होत्या, त्यांना बारा महिने गवार कुठे ठाऊक होती. नवलकोल इथे ढिगानं मिळतो की नाही? तुझ्या सासूबाईंना तो ओळखीचाच असेल, आणि इथला पाल्यासकट मिळतो, तो पाला टाकू नको, मुगाची डाळ घालून कर. सप्टेंबरात होक्काइडो भोपळा येतो, केशरी, नारळाएवढा, त्याची साल काढायला लागत नाही, शिजली की मऊ होते. त्याचे घारगे कर. गूळ घालून भोपळा शिजव, गार झाल्यावर मावेल तेवढी कणीक आणि थोडा रवा, वरून खसखस. आमच्याकडे लाल भोपळ्याचे जसे होतात त्याच्यापेक्षा रंग छान येतो आणि होक्काइडोला पाणी कमी सुटतं म्हणून कणीक कमी लागते आणि ते खुसखुशीत राहतात. लुडविग्सबुर्गच्या राजवाड्याच्या बागेत शरद ऋतूत भोपळ्यांचं मोठं प्रदर्शन असतं, तिथे सासूबाईंना घेऊन जा, शेकडो जातीचे भोपळे रचलेले असतात, खायचे कुठले शोभेचे कुठले ते लिहिलेलं असतं.

वसंतात तर विचारूच नको. मार्च-एप्रिलमध्ये बेअरलाउख येतो, रानातला लसूण, त्याची पानं चिरून थालीपीठात घाल, पण रानातून स्वतः तोडायला जाऊ नको कारण माइग्लॉक्शन आणि हेर्ब्स्टत्साइटलोझं या दोन विषारी झाडांची पानं अगदी तशीच दिसतात, दरवर्षी लोक फसतात, बाजारातूनच आण. रुबार्ब म्हणजे आंबट देठांची भाजी, तिचा मेथांबा मी गेली पंधरा वर्षं करतेय, देठ घ्यायचे, पानं नाही, पानं खायची नसतात. आणि पांढरा श्पार्गेल, म्हणजे ॲस्परॅगस. तो एप्रिलच्या मध्यापासून 24 जूनपर्यंतच, त्या दिवशी शेतकरी काढणी थांबवतो म्हणजे झाडाला पुढच्या वर्षासाठी ताकद धरायला वेळ मिळतो. मातीचा वरंबा चढवून त्याला उजेड लागू देत नाहीत म्हणून तो पांढरा. हे ऐकून माझ्या आईला पटकन कळलं, म्हणाली, हे लोक पण झाडाचं ऐकतात.

आता वाइनचं. इथे मला तुला एक गोष्ट सांगायचीय.

2009 च्या सप्टेंबरात माझे वडील, दादा, आमच्याकडे आले होते. आम्ही तेव्हा हाइलब्रोनला राहायचो. दादा माळकरी, वारी कधी चुकवली नाही. आणि पिंपळगावच्या बाजूला सहा एकर बाग. मीही तुझ्यासारखाच विचार केला होता की यांना त्या वाइनच्या गर्दीत कशाला न्यायचं, तीन आठवडे मी त्यांना देवळाच्या हॉलमध्ये आणि मॉलमध्ये फिरवलं. एके दिवशी ते स्वतःच सकाळी फिरायला गेले आणि दोन तास आले नाहीत. मी शोधायला निघाले तर घरामागच्या टेकडीवर द्राक्षाच्या ओळीत दादा उभे, धोतर, स्वेटर, कानटोपी, आणि समोर एक उंच म्हातारा शेतकरी. एकाला मराठी येतं, एकाला जर्मन. दादांनी एक पान उलटं करून धरलं होतं आणि रोगाच्या तेलकट डागावर बोट ठेवून म्हणत होते, "डावणी." तो म्हातारा मान हलवत त्याचा शब्द सांगत होता. मग दादांनी पानावरचा निळसर थर नखानं खरवडला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मोरचूद-चुना. हे पण मारतात की गं." बोर्डो मिश्रण, बुरशीवरची फवारणी, निफाडलाही तेच.

मला बघून त्यांचे प्रश्न सुरू झाले, मी भाषांतर करत होते. घड एवढे दाट का ठेवले, विरळणी का नाही केली? तो म्हणाला, वाइनला मणी लहानच हवा, चव आणि रंग सालीत असतो. छाटणी किती वेळा? थंडीत एकदाच, वेल झोपलेला असताना. आमच्याकडे एप्रिलला खरड आणि ऑक्टोबरला फळछाटणी, वेल झोपतच नाही, दादा म्हणाले, आणि हे सांगताना त्यांचा आवाज असा झाला की जणू आपल्या बैलाबद्दल बोलतायत. मग त्या म्हाताऱ्यानं खिशातून नळकांडं काढलं, साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर. एक मणी चिरडला, काचेवर रस टाकला, उजेडाकडे धरून बघितलं आणि म्हणाला 84. दादांनी ते हातातून जवळजवळ ओढूनच घेतलं कारण असंच त्यांच्या शर्टाच्या खिशात घरी असायचं. इथे साखर एक्सले या मापात मोजतात, फोर्त्सहाइमच्या एक्सले नावाच्या माणसानं ते बसवलं, आपल्याकडच्या ब्रिक्स या मापात ते साधारण 20 होतं. "आपण 18 ला तोडतो," दादा म्हणाले, "हा अजून थांबलाय."

त्या संध्याकाळी त्या शेतकऱ्यानं आम्हाला त्याच्या बेझनमध्ये बोलावलं. बेझन म्हणजे काय हे तुला माहीत असेल, दाराला झाडू टांगलेला दिसला की समजायचं आत बागायतदार स्वतःची वाइन स्वतःच्या घरात पाजतोय, वर्षात चार महिन्यांच्या वर नाही आणि चाळीस माणसांच्या वर बसायला जागा नाही. दादांनी ट्राउबेनझाफ्ट घेतला, नुसता द्राक्षाचा रस, तो सगळीकडे मिळतो. आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर लेम्बर्गर या लाल वाइनचा एक एक ग्लास घेतला, आधी विचारून. ते म्हणाले, तुम्ही तुमचं बघा, माझ्या गळ्यात माळ आहे, तुमच्या नाही. पुढची चौदा वर्षं, म्हणजे जाईपर्यंत, फोनवर त्यांचा पहिला प्रश्न असायचा, तुझ्या म्हाताऱ्याची साखर किती उतरली?

तर तुझे सासरे ऊसवाले आहेत. साखर म्हटलं की त्यांचे कान टवकारतील, तू बघच. आणि तुझ्या तर घराखालून एस-बान जाते, एन्डर्सबाखला उतरून श्ट्रुम्पफेलबाखच्या बाजूनं बागांमधून चालायला लाग, काढणी चालू असेल, विचारलं तर लोक आनंदानं दाखवतात, फक्त न विचारता घड तोडायचा नाही. बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घे, बागेतल्या बाकावर बसून खा. एवढी साधी सहल आहे गं, आणि तू तिला घाबरतेयस.

काही गोष्टी मात्र नीट लक्षात ठेव. सप्टेंबर-ऑक्टोबरात नॉयर वाइन मिळते, फेडरवाइसर पण म्हणतात, गढूळ आणि गोड, अगदी सरबतासारखी लागते. ती सरबत नाही. ती आंबत असते, सुरुवातीला 4 टक्क्यांच्या आसपास आणि रोज वाढत जाते. सासऱ्यांच्या किंवा लेकीच्या हातात चुकून जाऊ देऊ नको. घरी आणलीस तर बाटली उभी ठेव, झाकण मुद्दाम सैल असतं. तिच्याबरोबर कांद्याचा त्स्वीबेलकूखन देतात, त्यात बहुतेक ठिकाणी श्पेक म्हणजे डुकराचं मांस असतं, अंडं तर असतंच, आणि चातुर्मासात सासरे कांदा खात नसतील तर तो विषयच नको. ब्रेत्सेल, म्हणजे तो वेटोळ्याचा पाव, तोसुद्धा विचारून घे, श्वाबेनमध्ये, म्हणजे आपल्या या भागात, काही बेकरीवाले पिठात डुकराची चरबी घालतात. भाजलेल्या मारोनन, म्हणजे चेस्टनट, त्या बिनधास्त द्या, दादा खिशात घालून फिरायचे. एकादशी कालनिर्णयात बघून त्याप्रमाणे दिवस ठरव. आणि तुम्ही दोघं वाइन घेणार असाल तर गाडी घरी ठेवा, इथे रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा 0.5 प्रोमिल, म्हणजे हजारात अर्धा, एवढीच आहे आणि नवीन लायसन्सच्या पहिल्या दोन वर्षांत शून्य. घेणार नसाल तर तसं सरळ सांगा, कुणी आग्रह करत नाही, कारणं शोधत बसायची गरज नाही. तू चार वर्षं शेजाऱ्यांना जी कारणं दिलीस ना, त्यांना वाटलं असेल तुम्हाला ते आवडत नाहीत. त्यांच्याकडे जा आता, घारगे घेऊन.

कानश्टाटचा फोल्क्सफेस्ट, म्हणजे श्टुटगार्टचा मोठा मेळा, तोही सासऱ्यांना दाखव, बिअरच्या तंबूत नको, मधोमध तो 26 मीटरचा फळा-धान्यांचा खांब आहे तिथे ने. 1815 ला इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखी फुटला, पुढच्या वर्षी इथे उन्हाळाच आला नाही, पिकं गेली, लोकांची उपासमार झाली. मग 1818 ला राजा विल्हेल्म आणि राणी काटारिनानं शेतकऱ्यांसाठी हा मेळा सुरू केला. ज्यानं दुष्काळ बघितलाय अशा फलटणच्या माणसाला त्या खांबाखाली उभं राहून हे सांग.

आता बाकीचं. लेक जर्मनमध्ये बोलते तर आजोबांबरोबर तिला बागेत सोड, छाटणी, घड, काडी हे शब्द ती आठवड्यात शिकेल. 11 नोव्हेंबरला झांक्ट मार्टिनच्या मिरवणुकीसाठी तिच्या शाळेत कंदील करतील, त्याच आठवड्यांत आजीबरोबर आकाशकंदीलही करू दे. उदास वाटण्याचं डॉक्टरांना सांग, आणि रक्तातलं व्हिटॅमिन डी तपासून घे, पुढे ढकलू नको. नवऱ्याच्या भांड्यांबद्दल सासऱ्यांसमोर काही बोलू नको, ते गेल्यावर स्वतंत्र पत्र लिही.

आणि पहिल्याच शनिवारी इंडियन स्टोअरला जाऊ नको. सासूबाईंना गावच्या बाजारात ने, पिशवी त्यांच्या हातात दे आणि भाजी त्यांना निवडू दे. त्या भोपळा वाजवून बघतील, देठ बघतील, तू फक्त पैसे दे.