बॅले बघायला कुठे बसायचं?

मागच्या अंकात मुंबईत आता बाहेरच्या कंपन्यांचे बॅले यायला लागलेत असं दोन ओळींत लिहिलं होतं, त्यावर बरीच पत्रं आली आणि जवळजवळ सगळ्यांचं विचारणं एकच, की ताई तिकीट कुठलं काढायचं? म्हणून यावेळचं सदर त्यावरच.

प्रश्न: मुलगी नऊ वर्षांची आहे, मोबाइलवर स्वान लेकचे तुकडे बघून बघून आता खरा बघायचाय म्हणून मागे लागलीय. आम्ही तिघं जाणार. तिकिटं १५००, ३०००, ५५०० आणि ९००० अशी आहेत. मिस्टर म्हणतात, नाटकाला आपण पहिल्या तीन रांगा सोडून बसत नाही, मग एवढ्या लांब जाऊन मागे कशाला बसायचं? पण तिघांचे सत्तावीस हजार होतात हो. काय करू? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: सत्तावीस हजार अजिबात घालू नका. आणि हे मी फक्त पैसे वाचावेत म्हणून सांगत नाहीये, कुणी फुकट दिलं तरी पहिल्या रांगेत बसू नका असंच सांगेन.

तुमच्या मिस्टरांचं नाटकाच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर आहे. सावित्रीबाई फुले असो की शिवाजी मंदिर, आपण पुढे बसतो ते नटाचा चेहरा दिसावा, डोळ्यांतलं पाणी दिसावं, एक शब्द सुटू नये म्हणून, आणि बाल्कनी म्हणजे उशिरा जागे झालेल्यांची जागा हे आपल्या डोक्यात अगदी पक्कं बसलेलं आहे. पण बॅलेत शब्दच नाही. तिथे सगळा खेळ पायांचा, आणि पायांच्या बोटांच्या टोकावर उभं राहण्याचा, आणि स्टेज असतं आपल्या छातीच्या उंचीवर, म्हणजे पहिल्या दोन-तीन रांगांतून नेमकी ती बोटंच दिसत नाहीत. घोट्यापासून वरची बाई तेवढी दिसते. त्यात जर लाइव्ह ऑर्केस्ट्रा असला तर स्टेज आणि पहिली रांग यांच्यामध्ये पिट, म्हणजे वादकांचा खड्डा येतो, कंडक्टरचं डोकं आणि हात मध्ये येतात, आणि एवढे नऊ हजार भरून तुम्ही मान वर करून तीन तास बसणार. पुढे बसण्याचा एकच खरा आनंद आहे, तो मी नाकारणार नाही, की धाप ऐकू येते आणि त्या कडक टोकाच्या बुटांचा लाकडावर टकटक आवाज येतो, वरून सगळं वाऱ्यासारखं हलकं वाटतं पण पुढे बसलं की कळतं केवढी मेहनत आहे. पण ते दुसऱ्यांदा बघायला जाल तेव्हा. पहिल्यांदा नको.

दुसरं कारण याहून मोठं आहे. स्वान लेकचं संगीत चायकोव्हस्कीचं, मॉस्कोच्या बोल्शॉयमध्ये १८७७ ला पहिला प्रयोग झाला, तो काही फार गाजला नाही, आज जगभर जो करतात तो बहुतेक १८९५ ला पेतिपा आणि इव्हानोव्ह यांनी सेंट पीटर्सबर्गला नव्याने बसवला त्यावर उभा आहे. त्यात दुसऱ्या अंकात तळ्याकाठी हंसांचा थवा येतो, साधारण चोवीस मुली, एकीमागून एक नागमोडी येतात, मग रांगा होतात, रांगा एकमेकींतून जातात, मध्येच मोकळी जागा उघडते आणि तिथे ती मुख्य हंसी उभी असते. हे सगळं रांगोळीसारखं आहे हो. रांगोळी कुणी जमिनीला डोकं टेकवून बघतं का? खालून तुम्हाला पहिल्या चार मुली आणि त्यांच्या मागे डोकी एवढंच दिसणार. मी स्वतः पहिल्यांदा तिसऱ्या रांगेतून बघितला होता, छान वाटलं, टाळ्या वाजवल्या, घरी आले. पुढे काही वर्षांनी बाल्कनीतून बघितला आणि तो थवा वळला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, मला कळलंच नाही की पहिल्यांदा मी नक्की काय बघितलं होतं. ला बायादेर नावाचा पेतिपाचा दुसरा बॅले आहे, तोही १८७७ चाच, गोष्ट आपल्याकडच्या देवळातल्या नर्तकीची, त्यात तर मेलेल्या नर्तकींच्या सावल्या उतारावरून एकेक करत येतात, तेच एक पाऊल पुन्हा पुन्हा घेत, आणि स्टेज भरत जातं. तो प्रवेश खाली बसून बघणं म्हणजे अर्धा बघणं.

तेव्हा ३००० वाल्यांत बाल्कनीची मधली तिकिटं असतील तर डोळे मिटून घ्या. फक्त एक लक्षात ठेवा, बाल्कनीच्या अगदी पहिल्या रांगेपुढे कठडा असतो, तो मोठ्यांना अडत नाही पण नऊ वर्षांच्या पोरीच्या बरोबर डोळ्यांसमोर येऊ शकतो, म्हणून दुसरी-तिसरी रांग घ्या आणि लहान मुलांसाठी उशी मिळते का ते आत शिरताना विचारा. बाल्कनी नसेलच तर खाली आठवी-दहावी रांग सोडून मागे, पण मध्यभागी.

मध्यभागी हे मी परत परत म्हणतेय कारण माणसं तिथेच फसतात, ५५०० ची पुढची पण कडेची सीट आणि ३००० ची मागची मधली यांत पहिली भारी वाटते. तसं नसतं. कडेला बसलं की त्याच बाजूचा मागचा कोपरा विंगमागे जातो. एका मोठ्या थिएटरात, नाव नको, मी कडेच्या महागाच्या सीटवर बसून जिझेल नावाचा बॅले बघितला. दुसऱ्या अंकात मेलेल्या नायिकेची, जिझेलची, कबर माझ्या बाजूच्या कोपऱ्यात होती, आणि ती कबरीतून उठते तो क्षण, ज्याच्यासाठी मी गेले होते, तो मला दिसलाच नाही, समोरच्या बाजूची माणसं श्वास रोखून बघतायत एवढंच दिसलं. तिकिटावर कुठेही लिहिलं नव्हतं की इथून कमी दिसतं. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

मुलीला जायच्या आधी गोष्ट पूर्ण सांगून ठेवा, आणि तिसऱ्या अंकात काळी हंसी एका पायावर बत्तीस गिरक्या घेते तेव्हा तिला सांगा की पाय बघ, ती जागची हलते का बघ. वरून ते सुद्धा स्पष्ट कळतं.

प्रश्न: आम्ही पिढ्यान्‌पिढ्या गिरगावात. ऑपेरा हाऊस दारात आहे, मग बॅले बघायला नरिमन पॉइंट नाहीतर बीकेसीला का जायचं? इथे का होत नाही? (एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव)

उत्तर: काका, तुमचा हा प्रश्न मला फार आवडला कारण त्या वास्तूवर माझा जीव आहे. बँडमन आणि जहांगीर कराका या दोघांनी मिळून ते उभं केलं, १९११ ला पंचम जॉर्ज आला तेव्हा बांधकाम पुरं व्हायच्या आधीच उद्घाटन करून घेतलं. नाव ऑपेराचं, पण आपल्या माणसांना ते आपलं वाटतं ते बालगंधर्व आणि दीनानाथ तिथे गायले म्हणून. नंतर सिनेमा आला, १९९३ ला बंद पडलं, आणि वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी ते पुन्हा जिवंत केल्यावर २०१६ च्या ऑक्टोबरात उघडलं. छत असं घडवलंय की वर गॅलरीत बसलेल्यालाही आवाज नीट यावा.

पण जागा सहाशेच्याही आत. मोठा बॅले म्हणजे पन्नास-साठ नाचणारे, त्यांचे सेट, कपडे, आणि चोवीस हंसांना वळायला लागणारं स्टेज. आणि पाच-सहाशे सीट्सवर तो खर्च काढायचा तर तिकीट कुठल्या कुठे जाईल. म्हणून मोठे प्रयोग नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्राच्या जमशेद भाभा थिएटरला होतात, १९९९ चं ते, अकराशेच्या आसपास सीट्स आणि ऑपेरा-बॅले डोळ्यांसमोर ठेवूनच बांधलेलं, नाहीतर बीकेसीला २०२३ ला उघडलेल्या अंबानींच्या सेंटरमधलं दोन हजारांचं ग्रँड थिएटर. एनसीपीएचंच टाटा थिएटर मात्र संगीतासाठी पंख्यासारखं पसरलेलं आहे, तिथे आणि भाभाला सीटचा हिशोब एक नाही, बुकिंग करताना नाव नीट वाचा.

छोटा कार्यक्रम असला, दोघा-चौघांचं नृत्य, तर ऑपेरा हाऊस सुंदर. चर्नी रोडहून चालत जाणाऱ्यांनीही वरच्या मजल्यावरची मधली जागा घ्यावी. आणि तुम्हाला आठवत असेल, आपल्याकडे पिटातला प्रेक्षक म्हणजे स्वस्त तिकिटावर पुढे बसून शिट्टी मारणारा, तोच शब्द आता वादकांच्या खड्ड्यासाठी वापरतात.

प्रश्न: मुलगा लंडनला असतो, उन्हाळ्यात जाणार आहोत, चार दिवस पॅरिसही. तिथल्या ऑपेरा हाऊसमध्ये एकदा तरी बॅले बघायचाय पण पाउंडातले आकडे बघून पोटात गोळा आला. स्वस्त तिकिटांपुढे कमी दिसेल असं लिहिलंय. घ्यावं का? (एक वाचक, विलेपार्ले)

उत्तर: घ्या, पण कुठलं ते बघून घ्या. निदान ते लोक लिहितात तरी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, आपल्याकडेही लिहायला हवं.

लंडनचं कोव्हेंट गार्डनचं थिएटर घोड्याच्या नालाच्या आकाराचं आहे, दोन हजारांच्या वर माणसं बसतात. अगदी वर समोरच्या भागाला अँफिथिएटर म्हणतात, उंच आहे, चढ आहे, चक्कर येत असेल तर विचार करा, पण बॅलेसाठी मला तीच जागा सगळ्यांत पसंत, पूर्ण स्टेज तळहातावर घेतल्यासारखं दिसतं आणि खालच्यापेक्षा किती तरी स्वस्त. त्याच उंचीवर दोन्ही कडांना बाकं आहेत, स्लिप्स म्हणतात, ती आणखी स्वस्त पण स्टेजचा एक भाग जातोच, वाकून बघावं लागतं आणि तुम्ही वाकलात की शेजारच्याचं बंद होतं. उभं राहायच्या जागाही असतात, पण तीन तास उभं राहणं तुमच्या गुडघ्यांना विचारून ठरवा. आणि दर शुक्रवारी दुपारी एक वाजता पुढच्या दिवसांची काही तिकिटं नव्याने सोडतात, उन्हाळ्यात ते आपले संध्याकाळचे साडेपाच, म्हणजे मुलगा ऑफिसात अडकला असला तरी तुम्ही पार्ल्यातून निघायच्या आधी स्वतः लॉगिन करून बसू शकता.

पॅरिसला दोन आहेत. गार्निए १८७५ चं, वर छतावर १९६४ ला लावलेलं शागालचं चित्र, जिना बघूनच डोळे दिपतात. पण तिथले कडेचे बॉक्स, त्यातली मागची खुर्ची, ही कृपा करून घेऊ नका, उभं राहिलात तरी अर्धं स्टेज. तुम्ही म्हणाल मग एवढे बॉक्स बांधले कशाला? तर ते स्टेज बघायला कमी आणि एकमेकांना दिसायला जास्त होते. तिथली बडी मंडळी जेवून सावकाश यायची आणि त्यांना दुसऱ्या अंकात बॅले हवा असायचा, १८६१ ला वागनर या जर्मन संगीतकाराने टान्हॉयझर या ऑपेरात तो पहिल्याच अंकात घातला तर या बड्यांच्या जॉकी क्लबवाल्यांनी एवढ्या शिट्ट्या फुंकल्या की तीन प्रयोगांत तो उतरवावा लागला. ते थिएटर आधीचं, गार्निए नंतर झालं, पण बसायची रीत तीच राहिली. वास्तू बघायची असेल तर गार्निएची वरची पण समोरची सीट. फक्त नाच बघायचाय तर १९८९ चं बास्तीय, नवं आहे, अवाढव्य आहे, दिसायला कुठून अडत नाही, लांब मात्र वाटतं.

प्रश्न: चारशे-पाचशेत नाटक बघणारी माणसं आम्ही, बॅलेला चार हजार का? आणि साइटवर शेवटी आकडा आणखी वाढतो तो कशाने? (एक वाचक, बोरिवली)

उत्तर: आपलं नाटक दौऱ्यावर निघतं तेव्हा एक बस, मागे सेटचा टेम्पो, आठ-दहा नट. इथे पन्नास-साठ माणसांचे व्हिसा, विमान, हॉटेल, सेट जहाजाने, स्टेजवर नाचायचं वेगळं फ्लोअर अंथरायचं, आणि मुख्य नर्तकीचा बुटांचा एक जोड एका प्रयोगात सहज संपतो. तिकडे पॅरिसला सरकार पैसे देतं म्हणून वरच्या जागा स्वस्त ठेवता येतात, दौऱ्यावरच्या कंपनीला ते जमत नाही. मला हे दुखतं, कारण नाच शिकणाऱ्या ज्या मुलांनी हे बघायला हवं त्यांच्याच खिशात हे बसत नाही.

वाढीव आकडा म्हणजे बुकिंगची फी आणि जीएसटी. नाटक, नृत्य, बॅलेच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, त्याच्या वर गेलं की लागतो, म्हणून नाटकाला तुम्हाला तो फारसा कधी जाणवला नाही. फी वाचवायची तर थिएटरच्या खिडकीवर जा. आणि काढताना विचारा, ऑर्केस्ट्रा लाइव्ह आहे की रेकॉर्डेड? रेकॉर्डेड असेल तर सगळ्यांत वरचं तिकीट काढण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

प्रश्न: बाल्कनीत बसलो तर दुर्बीण न्यावी का? (एक वाचक, दादर)

उत्तर: न्या, पण पक्षी बघायची आठपट वाली नको, ती हलते आणि एका वेळी एकच माणूस दिसतो. तीनपटीची छोटी पुरे. चेहऱ्यावरचा अभिनय चालू असताना लावा, थवा आला की खाली ठेवा.