मोटरहोमचे टायर १८,००० किलोमीटरमध्ये संपले, सहाच्या सहा बदलू का?

सहाच्या सहा बदलू नका, निदान आज तरी नको. आधी गाडी वजनकाट्यावर न्या.

तुम्ही लिहिलंय की मिनीबसच्या चेसिसवर मोठी मोटरहोम बांधून घेतलीय, मागं जोडटायर धरून एकूण सहा, साइझ ८.२५ आर १६, आणि १८,००० किलोमीटरलाच पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडा गुळगुळीत झाल्यात, मागं क्लीनर साइडचा, म्हणजे डावीकडचा, आतला टायर पण निम्म्यावर आलाय, दुकानदार म्हणतोय सगळे बदला आणि एस्टिमेट लाखाच्या वर. वर तुमचा प्रश्न की यावेळी दुसऱ्या कंपनीचे टाकून बघू का. मी कोल्हापूरजवळ शिरोलीच्या बाजूला बस-ट्रकच्या टायर-अलाइनमेंटचं, म्हणजे चाकं सरळ रेषेत लावायचं काम करतोय, त्यामुळं सांगतो, कंपनी बदलून हे थांबणार नाही. हेच टायर मालवाहू गाड्यांना कितीतरी जास्त पळतात. कारण गाडीत आहे, ते न काढता नवीन टायर टाकले तर ते पण तसेच जाणार आणि लाख रुपये परत जाणार, म्हणून जरा लांबलचक लिहितोय, वाचा.

बस भरते आणि रिकामी होते. मोटरहोम रिकामी कधीच होत नाही, दारात उभी असली तरी सगळं वजन टायरवर आणि पाट्यांवर (स्प्रिंगवर) असतंच, आणि ते बहुतेक वेळा एका अंगाला जास्त असतं. तुम्हीच हिशोब करून बघा की. १८ मिमी प्लायची ८ बाय ४ ची एक शीट ३० किलोच्या वर भरते, बेड, कपाटं, पार्टिशन मिळून अशा किती शीट लागल्या ते सुताराला विचारा. ओट्याला ग्रॅनाइट बसवलं असेल तर १८ मिमी ग्रॅनाइट चौरस फुटाला साधारण साडेचार किलो. पाण्याची टाकी २०० लिटरची असेल तर भरल्यावर सरळ २०० किलो, वर टाकीचं वजन वेगळं. इन्व्हर्टरच्या १५० एएचच्या ट्यूब्युलर बॅटऱ्या एकेक ५० किलोच्या पुढं जातात, घरगुती सिलिंडर गॅससकट ३० किलोच्या आसपास. आता पाइप आणि वायर लांब न्यायला नकोत म्हणून ओटा, टाकी, बॅटऱ्या हे सगळं बांधणारे एकाच बाजूला, तेही मागच्या एक्सलच्या जवळपास ठेवतात, आणि तुमचा मागचा टायर क्लीनर साइडचाच खातोय हे वाचल्या वाचल्या मला हाच संशय आला.

तर काट्यावर जायचं ते पूर्ण तयारीनं. डिझेल फुल, पाण्याची टाकी फुल, भांडीकुंडी, गाद्या, कपडे सगळं आत, आणि जेवढी माणसं प्रवासाला जातात तेवढी आत बसलेली. रिकामी गाडी काट्यावर नेऊन काही उपयोग नाही. आधी सगळी गाडी एकदम मोजा, मग फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन, मग फक्त मागची. हे झालं की काटेवाल्याला विनंती करून एका बाजूची चाकं काट्यावर आणि दुसऱ्या बाजूची बाहेर असं पण मोजून घ्या, पण हे फक्त जमिनीच्या लेव्हलला असलेल्या काट्यावर करायचं, उंच प्लॅटफॉर्मच्या काट्यावर गाडी कलते आणि आकडा खोटा येतो शिवाय धोका वेगळा. मार्केट यार्डच्या, एमआयडीसीच्या बाजूला सार्वजनिक काटे आहेत, एका टायरच्या किमतीसमोर काट्याचे पैसे काहीच नाहीत. सकाळी लवकर जा, गर्दी नसते आणि काटेवाला पण शांतपणे वेळ देतो.

आकडे आले की तीन ठिकाणी पडताळायचे. एक, आरसीवरचं ग्रॉस वेट. दोन, चेसिस कंपनीनं पुढच्या आणि मागच्या एक्सलला दिलेली मर्यादा, ती प्लेटवर किंवा मॅन्युअलमध्ये मिळते. तीन, टायरवरचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा. टायरच्या बाजूवर साइझच्या पुढं दोन आकडे असतात, समजा १२८/१२४ आहे, तर पहिला एकटा टायर असताना आणि दुसरा जोडीत असताना. १२८ म्हणजे १,८०० किलो, १२४ म्हणजे १,६०० किलो. जोडीत क्षमता कमी धरतात कारण दोन टायर कधीच अगदी सारखं वजन उचलत नाहीत. आणि एकूण वजन मर्यादेत आहे म्हणून निवांत बसू नका, एका बाजूचं वजन त्या बाजूच्या टायरांच्या बेरजेच्या वर किंवा अगदी काठावर असेल तर एकूण आकड्याला काही अर्थ नाही.

इथं बरेच जण सल्ला देतात की मग जास्त प्लायचा, म्हणजे जास्त वजन पेलणारा टायर टाक की, काम झालं. अजिबात नाही. टायर उचलेल पण एक्सल, ब्रेक, बेअरिंग, रिम तेच राहतात, रिमला पण हवेची मर्यादा असते, आणि घाट उतरताना ब्रेकवर काय येतं ते आंबोलीला किंवा करुळला भरलेली गाडी उतरवलेल्या कुठल्याही ड्रायव्हरला विचारा. वजन जास्त निघालं तर वजनच कमी करा. ग्रॅनाइट काढून हलका टॉप बसवा, बॅटऱ्या दुसऱ्या अंगाला सरकवा, जमल्यास लिथियमच्या घ्या, त्या बऱ्याच हलक्या असतात, आणि मुक्कामाला पाणी मिळणार असेल तर घरातून टाकी भरून निघायची गरजच काय, अर्धी न्या. यातल्या पहिल्या दोन कामांनी मागच्या त्या टायरवरचा बराच भार उतरेल.

वजन कळलं की हवेचा आकडा ठरतो, उलट नाही. पंपावरचा पोरगा विचारतो किती मारू आणि आपण ऐकीव आकडा सांगतो, तसं नको. टायर कंपन्यांचे लोड आणि प्रेशरचे तक्ते असतात, त्यात तुमच्या साइझसमोर तुमचं वजन शोधून तेवढी हवा, आणि एका एक्सलवर दोन्ही बाजूंना सारखीच, जी बाजू जड तिच्या हिशोबानं. हवा टायर थंड असताना बघायची, म्हणजे गाडी निदान तीन-चार तास उभी असताना. धावून गरम झालेल्या टायरची हवा वाढलेली दिसणारच, ती काढायची नाही, काढली की थंड झाल्यावर टायर कमी हवेवर चालतो आणि दोन्ही कडा झिजतात. मागच्या आतल्या टायरला लांब व्हॉल्व्ह एक्स्टेन्शन बसवून घ्या हे कळकळीनं सांगतो, कारण आतल्या टायरची हवा बघायला त्रास होतो म्हणून कुणीच बघत नाही, महिनोन्‌महिने. तुमचा आतलाच टायर जास्त गेलाय, त्यामागं हे पण असू शकतं. रस्त्याचा मधला उंचवटा आणि वजनानं किंचित लवलेला एक्सल यांमुळं आतल्या टायरवर आधीच जास्त येतं, त्यात हवा कमी म्हटल्यावर तो तापणार आणि झिजणार.

आता पुढचे टायर. दोन्हीच्या फक्त बाहेरच्या कडा गेल्यात, आतल्या शाबूत आहेत, तर ही खूण टो-इन जास्त असल्याची, म्हणजे दोन्ही चाकांची तोंडं पुढच्या बाजूला जरा आत वळल्याची वाटते. खात्री करायला गाडी बंद करून टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवा, आधी आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेनं गुळगुळीत लागतंय आणि दुसऱ्या दिशेनं करवतीच्या दातासारखं अडकतंय म्हणजे टायर सरळ न फिरता आडवा घासत चाललाय. दिसायला फरक अगदी थोडा असतो पण हिशोब बघा, या टायरचा व्यास साधारण ८६ सेंटीमीटर, टो मध्ये ३ मिलिमीटरची चूक असली तरी दोन्ही चाकं मिळून दर किलोमीटरला साडेतीन मीटर रबर आडवं ओढलं जातं. १८,००० किलोमीटरला ६३ किलोमीटर झाले, नुसतं आडवं घासणं.

ही चूक येते कुठनं, तर बरेचदा अलाइनमेंट बॉडी बांधायच्या आधी, नुसत्या चेसिसवर झालेली असते. वर बॉडी आली, फर्निचर आलं, पाटे बसले, पुढचा बीम किंचित लवला, पण टो परत कुणी बघितलाच नाही. म्हणून अलाइनमेंट भरलेल्या गाडीवरच करून घ्या, टाकीतल्या पाण्यासकट. आणि मशीनवर चढवायच्या आधी जॅक लावून किंगपिन, व्हील बेअरिंग, टाय रॉड एंड यांचा प्ले (ढिलेपणा) बघायला सांगा, प्ले असेल तर कितीही अलाइनमेंट करा, दोन खड्ड्यांत परत बिघडणार. मागचा एक्सल पाट्यांना धरून ठेवणारे यू-बोल्ट आणि सेंटर बोल्ट पण बघा, सेंटर बोल्ट तुटला की एक्सल एका बाजूनं मागं सरकतो आणि गाडी तिरकी चालते, ड्रायव्हरला वाटतं स्टेअरिंग ओढतंय. नक्षीत जागोजागी खड्डे-उंचवटे असतील तर शॉकअप गेलेले असू शकतात. अजून एक सवय, गाडी जागेवर उभी ठेवून पूर्ण स्टेअरिंग फिरवू नका, पेठेतल्या गल्लीत मोठी गाडी लावताना सगळे करतात, पण एवढ्या वजनाखाली टायर जागच्या जागी डांबरावर रगडला जातो, जरा पुढं-मागं सरकत फिरवा.

आता पैशाचं. पुढचे दोन नवीन घ्यावेच लागतील, बाहेरची कड गेलेला टायर पावसाळ्यात घाटात नको. कायद्यानं किमान नक्षी १.६ मिमी, पण कुटुंब घेऊन फिरताना मी तिथपर्यंत वाट बघणार नाही. रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवीन नक्षी चढवलेला, पुढं अजिबात नको. मागं ट्रकवाले रिमोल्ड वापरतात कारण त्यांचं रनिंग भरपूर, मोटरहोम वर्षातले कितीतरी महिने उभी राहते, तिचा टायर झिजण्याआधी वयानं संपतो, म्हणून तुम्हाला मागं पण रिमोल्डची शिफारस करणार नाही. मागचे बाकीचे तीन चांगले असतील तर ठेवा, फक्त त्या निम्म्यावर आलेल्या टायरच्या जोडीला नवाकोरा बसवू नका. जोडीतल्या दोन टायरचा व्यास वेगळा असला की मोठा सगळं वजन उचलतो आणि लहान नुसता घासत जातो. चार टायरची नक्षी मोजून सारख्यातले सारखे जोडीला लावा, स्टेपनी जुळत असेल तर तीही हिशोबात धरा. म्हणजे आज दोन टायर, फार तर तीन किंवा चार, सहा नाही.

एस्टिमेटवर जीएसटी किती लावलाय ते बघा, २२ सप्टेंबर २०२५ पासून नवीन टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, जुना दर लावला असेल तर लाखाच्या मूळ किमतीवर १०,००० रुपये जास्त जातील. क्लेमची आशा फार धरू नका, कंपनी मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्टला देते, अशा एकतर्फी झिजीला देत नाही.

घेताना टायर कधी बनला ते सांगणाऱ्या, बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, २३२४ असेल तर २०२४ चा २३ वा आठवडा. दुकानात पडून दोन-तीन वर्षं झालेला टायर उभ्या राहणाऱ्या गाडीला घेऊ नका. तुमच्या मागच्या टायरांवर पण तारीख बघा आणि बाजूला बारीक चिरा आहेत का ते बघा, पाच वर्षांच्या पुढचे असतील तर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या, नक्षी कितीही शिल्लक असली तरी. गाडी घरी उभी असताना टायरवर ऊन पडणार नाही असं कव्हर घाला, आणि महिन्यातून एकदा तरी हायवेला थोडी पळवून आणा, टायर फिरला-दबला की त्यातलं संरक्षक रसायन पृष्ठभागावर येतं आणि चिरा पडायचं प्रमाण कमी होतं. पेट्रोलियम बेस असलेली पॉलिश मारू नका, चमक येते पण रबर खराब होतं.

काट्यावरून आलात की पुढचं, मागचं, डाव्या बाजूचं आणि उजव्या बाजूचं असे चारही आकडे, टायरवरचा लोड इंडेक्स आणि सहाही टायरच्या तारखा इथंच खाली टाका. हवा किती ठेवायची आणि आज नेमके किती टायर घ्यायचे हे मी आकडे बघून सांगतो.