ट्रेकचे पैसे जातात कुठे?

प्रश्न : ताई, माझा मुलगा नोकरीला लागल्यापासून शनिवारी रात्री पाठीवर सॅक टाकून पळतो. परवा कळसूबाईसाठी त्याने मोबाइलवरून कुठल्याशा ग्रुपला दीड हजार भरले. शिवाय पाच हजारांचे वॉटरप्रूफ बूट, काठी, डोक्याला लावायची बॅटरी. आम्ही कॉलेजातून एसटीने जायचो, डबा घरचा. एवढा खर्च खरंच लागतो, की सगळं फोटोंसाठी?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : फोटोंवरून त्याला बोलू नका. फोटोसाठी का होईना, डोंगर स्वतःच्याच पायांनी चढावा लागतो.

खर्च वाढलाय हे खरं. पण मला जास्त खटकतं ते वेगळंच : पैसा आता शहरातच अडकतो. पूर्वी शेवटची कसारा लोकल धरायची, कसाऱ्याला जीपवाल्याशी घासाघीस करायची आणि उजाडायच्या आत कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव गाठायचं. आखणी ग्रुपमधला कुणीतरी दादा फुकटात करायचा. आता तो दादाच आयोजक झालाय. झाला तर झाला, त्याचंही पोट आहे. गाडी, चहा-नाश्ता, जेवण, वाट दाखवणारा असं सगळं धरून दीड हजार म्हणजे काही लूट नव्हे.

पण भरण्याआधी मुलाला चार प्रश्न विचारायला लावा. राज्याच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. ती आहे का? विमा आहे का? प्रथमोपचार कुणाला येतात? किती जणांमागे एक लीडर? ‘काळजी नको, सगळी आपलीच पोरं आहेत’ असं उत्तर आलं, तर पैसे खिशातच राहू द्या.

आणि जेवण कुठे, हेही विचारा. बारीत घराघरांत पिठलं-भाकरी मिळते. 1646 मीटर उंचीच्या त्या शिखराच्या चढावर, लोखंडी शिड्यांच्या अलीकडे-पलीकडे गावातलीच माणसं ताक, लिंबू सरबत विकायला बसतात. त्यांनी पाणीसुद्धा खालून डोक्यावर वाहून आणलेलं असतं. ग्रुपला दीड हजार मुकाट भरणारी मुलं इथे वीस रुपयांच्या ताकासाठी भाव करतात! माझं डोकं फिरतं ते इथे.

आता सामान. बुटांवर खर्च करावाच, फक्त कशासाठी ते कळायला हवं. वॉटरप्रूफचे जादा पैसे आपल्या पावसाळ्यात वाया जातात. ओढ्यात पाय घोट्याच्या वर बुडतो, पाणी वरून आत शिरतं आणि मग बाहेर पडायला वाटच नसते; दिवसभर दोन बादल्या घेऊन चालल्यासारखं होतं. पाणी निथळून जाईल असा बूट बरा. बघायचा तो तळ : खाचा खोल हव्यात आणि रबर मऊ हवं. अंगठ्याचं नख रोवून बघा. अजिबात दबलं नाही, तर शेवाळलेल्या कातळावर तो बूट घसरणार. उतरताना बोटं पुढे आपटू नयेत म्हणून पुढे थोडी जागा हवी. खरेदीला संध्याकाळी जावं, पाय तेव्हा जरा सुजलेला असतो. हेडटॉर्च हवीच, रात्रीच्या चढाईत दोन्ही हात मोकळे लागतात. काठी मित्राची चालेल.

पैशाने सुटत नाही ती गर्दी. पावसाळी रविवारी हरिहर किल्ल्याच्या कातळात खोदलेल्या अरुंद पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर अडकतात, तिथे बूट कितीचे हे कुणी विचारत नाही. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तोही रविवारच होता. जुलै 2025 मध्ये राजगड, लोहगड, साल्हेर जागतिक वारशाच्या यादीत गेले, म्हणजे तिथली रीघ आता आणखी वाढणार. मुलाला आठवड्यात मधली रजा मिळत असेल तर ती घेऊन जाऊ दे, नाहीतर दिवाळीनंतर. तेव्हा वाटा कोरड्या असतात, हवा स्वच्छ असते आणि गाववाल्यांनाही त्या दिवसांत गिऱ्हाईक हवंच असतं.